घरच्या कॉम्प्युटरचे पासवर्ड आणि अकाउंट लावून घेताय? आधी रिकव्हरी बघा, पासवर्ड मग बदला

घरात एकच कॉम्प्युटर असतो आणि वापरणारे पाचजण. बाबांची बँक त्याच्यावर, मुलीचे क्लास त्याच्यावर, आईचे सातबारा आणि लाइटबिल त्याच्यावर, आणि धाकटा शाळेतून आला की गेम पण त्याच्यावरच. पासवर्ड एकतर नसतोच, किंवा असला तर सगळ्या बिल्डिंगला माहीत असतो. मग कुठेतरी फ्रॉडची बातमी वाचून कोणीतरी उत्साहाने बसतं आणि एका दमात सगळे पासवर्ड बदलून टाकतं, आणि आठवड्याभरात त्याच घरात कोणालाच कशातच लॉगिन करता येत नाही. मी आमच्या घरचा आणि नंतर नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांचा कॉम्प्युटर असा लावून दिलाय, आणि सगळीकडे गोंधळ एकाच कारणाने होतो: पासवर्ड आधी बदलले जातात, आणि विसरलो तर परत आत कसं यायचं हे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका, बाकी काही इकडेतिकडे झालं तरी चालेल.

हे सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय. विंडोज १० वर नावं थोडी इकडेतिकडे दिसतील, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे मशीनला जमत असेल तर आधी ११ वर जा. ते चालतंय का हे सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्येच कळतं.

बसायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

- घरातल्या सगळ्यांचे फोन, चार्ज केलेले आणि रेंजमध्ये. ओटीपी कुठल्या फोनवर जाईल सांगता येत नाही, म्हणून सगळे घरी असताना रविवारीच बसा
- एक नवी वही आणि पेन. हो, कागदाचीच, कारण पुढे सांगतो
- एक पेनड्राइव्ह, आणि फोटो-फाइली जास्त असतील तर एक्स्टर्नल हार्डडिस्क
- प्रत्येकाचे ईमेल आयडी, जुने वापरात नसलेले पण
- सध्या कोणाकडे कुठलं सिम आहे आणि कुठलं बंद झालं याची यादी

१. कॉम्प्युटर नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा

सेटिंग्ज उघडा, अकाउंट्स, त्यात युवर इन्फो. तिथे नाव दिसेल, त्याच्या खाली एकतर ईमेल आयडी असेल किंवा लोकल अकाउंट (फक्त याच कॉम्प्युटरपुरतं, ईमेलशी न जोडलेलं) असं लिहिलेलं असेल, आणि जोडीला ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ॲडमिन, ज्याला कॉम्प्युटरवर सगळे बदल करता येतात. तो ईमेल तुमच्या ओळखीचा आहे का हे नीट वाचा. खूप घरांमध्ये तो नसतो, कारण कॉम्प्युटर दुकानातून आला तेव्हा सेटअप दुकानातल्या पोराने करून दिलेला असतो आणि घाईत त्याने स्वतःचाच किंवा दुकानाचा आयडी टाकलेला असतो. त्याच्या मनात वाईट नसतं, पण मशीनची मालकी कागदोपत्री त्याच्याकडे राहते.

याचा खरा फटका कुठे बसतो ते सांगतो. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, आणि ती उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप झाला त्या अकाउंटवर जाऊन बसते. एरवी ती कोणी विचारत नाही. मग एखाद दिवशी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) काही बदल झाला की निळ्या स्क्रीनवर ती की मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं सगळं गेलंच समजा. तेव्हा दुकान कुठे आणि तो पोरगा कुठे.

तर आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन डिव्हाइस एनक्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल आणि अकाउंट तुमचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून डिव्हायसेसमध्ये आपल्या कॉम्प्युटरची रिकव्हरी की शोधा आणि वहीत उतरवून घ्या, आकडे दोनदा तपासून. अकाउंट परक्याचं असेल तर तुमच्या आयडीने नवीन ॲडमिन अकाउंट तयार करा (कसं ते पायरी ४ मध्ये), त्याने साइन-इन करा, एनक्रिप्शन बंद करा, पूर्ण बंद होईपर्यंत थांबा, यात वेळ जातो, आणि मग परत चालू करा. म्हणजे नवी की तुमच्या अकाउंटवर येते. आली का ते साइटवर डोळ्याने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि परकं अकाउंट लगेच उडवू नका. विंडोजमध्ये अकाउंट काढताना "डिलीट अकाउंट अँड डेटा" असं बटण येतं, त्यातला डेटा म्हणजे त्या अकाउंटचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं. आधी ते पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, मगच काढा.

२. ईमेल सगळ्यात आधी, कारण बाकीच्या किल्ल्या तिथेच लटकलेल्या असतात

बँक सोडली तर जवळजवळ प्रत्येक साइटचं "पासवर्ड विसरलात?" हे शेवटी ईमेलवर येतं. ज्याच्या हातात तुमचा ईमेल त्याच्या हातात बाकी सगळं. म्हणून इथे घाई नको. बहुतेकांचं जीमेल असतं म्हणून तेच घेतो.

गूगल अकाउंट उघडा, सिक्युरिटीमध्ये जा. तिथे रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल अशा दोन ओळी आहेत. त्या वाचा. माझ्या मावशीचं जीमेल असं उघडलं तेव्हा रिकव्हरी फोनचे शेवटचे दोन आकडे घरातल्या कोणाच्याच नंबरचे नव्हते. मग लक्षात आलं की मुलाच्या अकरावीच्या फॉर्मसाठी गावातल्या सायबर कॅफेत गेले होते तेव्हा ईमेल तिथेच काढून दिला होता, आणि नंबर कॅफेवाल्याने स्वतःचा टाकला होता. पासवर्ड पण त्यानेच ठरवलेला, नावापुढे ॲट आणि १२३. त्याच ईमेलवर पुढे महाडीबीटीची स्कॉलरशिप, सीईटी, डिजिलॉकर सगळं जोडलेलं. हे फक्त मावशीचं नाही, खेड्यात आणि तालुक्याला निम्म्या मुलांचे ईमेल असेच निघालेले असतात असं मला वाटतं, तुमच्या घरातला प्रत्येक आयडी या नजरेने तपासाच.

दुसरा सापळा जुन्या सिमचा. रिचार्ज न करता पडलेला नंबर कंपनी बंद करते, आणि बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो. तुमच्या रिकव्हरीत तोच नंबर असेल तर तुमचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाणार. परदेशात गेलेल्या मुलांचं हे हमखास होतं, इथलं सिम ड्रॉवरमध्ये राहतं आणि अर्ध्या अकाउंटना तोच नंबर असतो.

तर करायचं असं:

- रिकव्हरी फोन म्हणून स्वतःचा चालू नंबर टाका
- रिकव्हरी ईमेल म्हणून घरातल्या विश्वासाच्या माणसाचा रोज वापरातला आयडी टाका. स्वतःचाच दुसरा, कधी न उघडलेला आयडी टाकू नका, कारण दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल बंद करून पुसू शकतं
- "युवर डिव्हायसेस" मध्ये जे फोन-कॉम्प्युटर ओळखीचे नाहीत ते साइन-आउट करा
- नंबर बदलल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका, जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय गूगल पुढचे ७ दिवस दाखवू शकतं. आठवड्याने परत एकदा येऊन बघा

आता एक जागा जी जवळजवळ सगळे विसरतात. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, वर गिअरचं चिन्ह, सी ऑल सेटिंग्ज, आणि त्यात फॉरवर्डिंगचा टॅब. तिथे दुसरा एखादा ईमेल पत्ता असेल तर तुमची मेल त्याच्याकडे पण जातेय. शेजारचा फिल्टर्सचा टॅब पण बघा, एखादा फिल्टर बँकेच्या मेल सरळ डिलीट करणारा किंवा पुढे पाठवणारा नाही ना. पासवर्ड बदलला तरी हे फॉरवर्डिंग तसंच चालू राहतं, म्हणून ज्याचं अकाउंट एकदा हॅक झालंय त्याने तर इथे यायलाच पाहिजे.

एवढं सगळं झालं की मग ईमेलचा पासवर्ड बदला. आधी नाही.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आणि बॅकअप कोड

गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्येच टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. एसएमएसपेक्षा फोनवर येणारा "हो, मीच आहे" वाला प्रॉम्प्ट किंवा ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण ते सिमवर अवलंबून नाही आणि गावाला रेंज नसली तरी ऑथेंटिकेटरचा कोड फोनवरच तयार होतो.

चालू केल्यावर त्याच पानावर बॅकअप कोड आहेत. १० कोड मिळतात, प्रत्येक ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, पाण्यात पडला, चोरीला गेला तर आत यायला हेच कामाला येतात. ते वहीत लिहा. स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवू नका, जो फोन हरवल्यावर ते लागणार त्याच फोनमध्ये ठेवून काय उपयोग. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटलाही असाच एक रिकव्हरी कोड काढता येतो, तोही उतरवा.

४. प्रत्येकाला वेगळं अकाउंट, आणि ॲडमिन रोज वापरायचं नाही

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचा आयडी आहे त्यांचा टाका. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी "आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन" वर क्लिक करा, पुढच्या खिडकीत खाली "ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट" येतं. हे बारीक अक्षरात असतं, चटकन दिसत नाही.

नाव आणि पासवर्ड टाकला की तीन सिक्युरिटी प्रश्न विचारतो. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव असले. यांची खरी उत्तरं देऊ नका, कारण ती निम्म्या नातेवाइकांना पाठ असतात आणि उरलेल्यांना फेसबुकवर मिळतात. काहीतरी भलतंच उत्तर द्या आणि वहीत लिहून ठेवा. लोकल अकाउंटला ईमेलवरून पासवर्ड परत मिळत नाही, हे तीन प्रश्नच काय ते. म्हणून लोकल अकाउंट असेल तर पेनड्राइव्ह लावून कंट्रोल पॅनेलमधून पासवर्ड रीसेट डिस्क पण करून घ्या. एकदाच करावी लागते, पुढे पासवर्ड बदलला तरी तीच चालते. अर्थात ती ज्याच्या हातात पडेल तो आत येऊ शकतो, म्हणून पेनड्राइव्ह वहीबरोबर कपाटात.

आता मुख्य गोष्ट. एक अकाउंट फक्त ॲडमिन म्हणून ठेवा आणि ते रोजच्या कामाला कोणीच वापरू नका, कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त कळणाऱ्या माणसाने सुद्धा नाही. बाकी सगळे स्टँडर्ड युजर. अदर युजर्समध्ये नावावर क्लिक करून चेंज अकाउंट टाइप. याने काय होतं, तर मुलाने कुठूनतरी फुकट गेम डाउनलोड करून इन्स्टॉल करायला घेतला की बहुतेक वेळा स्क्रीनवर ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो आणि गाडी तिथेच थांबते. मग तो तुम्हाला हाक मारतो आणि तुम्ही बघून ठरवता. सगळेच ॲडमिन असतील तर तिथे नुसतं "येस" दाबलं की झालं, आणि सगळे ते न वाचताच दाबतात.

जुनं अकाउंट स्टँडर्ड करायच्या आधी नव्या ॲडमिनने एकदा साइन-इन करून बघा, पासवर्ड बरोबर बसलाय ना.

अजून एक, हे माहीत नसल्यामुळे भांडणं होतात: लोकल अकाउंटवाला पासवर्ड विसरला आणि ॲडमिनने तो परस्पर रीसेट करून दिला, तर त्या माणसाने ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड जाऊ शकतात. आधी सिक्युरिटी प्रश्न वापरून बघा, ॲडमिनचा रीसेट शेवटी.

५. पिन, पासवर्ड आणि लॉक

साइन-इन ऑप्शन्समध्ये प्रत्येकाने आपापल्या अकाउंटमध्ये जाऊन पिन लावा. लोकांना वाटतं पिन म्हणजे कच्चा, पण तो फक्त त्या एका मशीनवर चालतो, बाहेर कुठे नाही. मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड मात्र जगात कुठूनही टाकता येतो, म्हणून तो मोठा हवा आणि रोज सगळ्यांसमोर टाइप करायला नको. आजीआजोबांना ६ आकडी पिन सहज जमतो. एटीएमचा पिन, जन्मसाल, गाडीचा नंबर, हे तिन्ही नकोत.

पिनचा एक तोटा आहे. रोज पिनच टाकत गेलं की वर्षाने पासवर्ड कोणालाच आठवत नाही. म्हणून वही.

उठून जाताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा, स्क्रीन लॉक. घरातल्या लहान मुलांना ही सवय सगळ्यात लवकर लागते, मग तीच मोठ्यांना आठवण करतात. साइन-इन ऑप्शन्समध्येच कॉम्प्युटर स्लीपमधून उठल्यावर परत साइन-इन मागायचं का असा पर्याय आहे, तो "नेव्हर" वर नसू दे.

६. पासवर्ड कसे ठेवायचे, ब्राउझरमध्ये काय ठेवायचं

पासवर्डमध्ये एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, दर महिन्याला नवा, हा जुना सल्ला आता मागे पडलाय. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की लांबी महत्त्वाची, आणि कारण नसताना ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, कारण मग माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. आपल्याकडच्या बऱ्याच साइट अजून बदलायला लावतात, तिथे इलाज नाही.

लक्षात ठेवायचे पासवर्ड फक्त तीन: ईमेल, कॉम्प्युटरचा ॲडमिन, आणि पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप) वापरणार असाल तर त्याचा. यांच्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरात लिहा, म्हणजे वरवंटा, तिकीट, पाणकोंबडी, जांभळा असे. हेच घेऊ नका. देवाचं नाव, मुलांची नावं, अभंगाची ओळ, जय महाराष्ट्र, मोबाइल नंबर, हे सगळे अंदाज कोणीही पहिल्यांदा करतं.

बाकी साइटचे पासवर्ड ब्राउझरला किंवा बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरला बनवू द्या, प्रत्येक साइटला वेगळा. एकाच पासवर्डने दहा साइट चालवल्या की त्यातल्या सगळ्यात कमजोर साइटचा डेटा फुटल्यावर बाकीच्या नऊ पण जातात. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये चेकअप आहे, फुटलेले आणि परत परत वापरलेले पासवर्ड तो दाखवतो. यादी लांब निघाली तर घाबरू नका, पैशाचे आणि सरकारी पहिले, बाकीचे सावकाश. तिथल्याच सेटिंग्जमध्ये पासवर्ड भरायच्या आधी विंडोज हॅलो, म्हणजे आपला पिन, मागायचा पर्याय आहे, तो चालू करा, नाहीतर उघड्या कॉम्प्युटरवर बसलेल्या कोणालाही लॉगिन करता येतं. बँकेचा पासवर्ड मात्र सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. वही

कागदावर पासवर्ड लिहू नये असं ऑफिसात शिकवतात, आणि ऑफिससाठी ते बरोबर आहे. घरात मात्र धोका इंटरनेटवरून येतो, आणि इंटरनेटवरचा चोर तुमच्या गोदरेजच्या कपाटापर्यंत पोचत नाही. उलट डेस्कटॉपवर पासवर्ड नावाची एक्सेल शीट किंवा स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज त्याला लगेच सापडतो.

वहीत लिहा: ॲडमिनचा पासवर्ड, डिस्कची ४८ आकडी की, बॅकअप कोड, सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरं, कुठल्या अकाउंटला कुठला मोबाइल नंबर आहे. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन लिहू नका. वही कुठे आहे हे घरात दोघांना माहीत असू दे. घरातला सगळं बघणारा माणूस अचानक गेला किंवा हॉस्पिटलात असला की मागच्यांचे काय हाल होतात ते बघितलंय, दुःखात असताना त्यांना ओटीपीच्या मागे पळावं लागतं. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, तुम्ही ठरवलेले इतके महिने अकाउंट वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते त्यात लिहून ठेवता येतं. नवरा-बायकोने एकमेकांचं टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

८. रिमोट ॲप आणि खोटे फोन

सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी वरून खालपर्यंत वाचा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असं काही रिमोट ॲप, म्हणजे दुसऱ्याला दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं, असेल आणि तुम्ही वापरत नसाल तर काढा. कधीतरी प्रिंटर दुरुस्त करायला कोणीतरी टाकलेलं असतं.

आईबाबांना हे समोर बसून सांगा: स्क्रीनवर मोठ्या आवाजात "व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असं आलं तर ते खोटं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, ब्राउझर निवडून एंड टास्क करायचं. ते जमलं नाही तर सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला, किंवा पोलीस आहे म्हणाला, तरी त्याने सांगितलेलं ॲप टाकायचं नाही.

तरी पैसे गेलेच तर इंटरनेट काढा, लगेच बँकेला फोन करून खातं-कार्ड ब्लॉक करा आणि १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर करू नका, पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत अडवता येतात ते या पहिल्या काही तासांतच. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण करता येते. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नाही. लाज वाटून गप्प बसणारे खूप असतात, घरात कोणावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

९. झाल्यावर तपासा

कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि प्रत्येकाला आपापल्या अकाउंटने एकदा आत यायला लावा, तुम्ही टाइप करून देऊ नका. स्टँडर्ड अकाउंटमधून एखादं साधं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला घ्या, ॲडमिनचा पासवर्ड मागतोय का बघा आणि कॅन्सल करा. मग एक बॅकअप कोड खरोखर वापरून जीमेलमध्ये शिरून बघा, त्यासाठी ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी घ्या, म्हणजे चालू लॉगिन मध्ये येत नाही. वापरलेला कोड वहीत खोडा. हा वापरून बघितलेला कोड तुम्ही दहा वेळा वाचलेल्या सूचनांपेक्षा जास्त भरवशाचा.

पुढे कोणाचं सिम बदललं, फोन बदलला किंवा कोणी शिकायला बाहेरगावी निघालं, की जुना नंबर किंवा फोन हातात असेपर्यंतच पायरी २ आणि ३ परत करून घ्या. जुना फोन विकायच्या आधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून, नव्या फोनवरच्या कोडने एकदा लॉगिन करा, आणि मगच जुना फोन रीसेट करून द्या.